मागून दिलेली हाक

चार वर्षांपूर्वी मी आणि माझा मित्र व्हिएतनाममध्ये सायकलने फिरायला गेलो होतो. दोघंही निवृत्त, दोघंही सदाशिव पेठेतले. तो तिथेच अपघातात गेला. वळताना त्याने मागे पाहिलं नाही, असं मी तिथल्या पोलिसांना सांगितलं आणि परत आल्यावर त्याच्या बायकोला, वहिनींनाही. ते खरं आहे, पण अर्धंच.

आमची एक पद्धत होती. कात्रजला जाताना मागच्याने हँडलवरच्या आरशात बघायचं आणि रस्ता रिकामा असला की "मोकळा" असं ओरडायचं. पुढच्याने मान न वळवता वळायचं. साठीनंतर त्याची मान आखडायची, म्हणून ही सोय मीच काढली होती.

निघण्याआधी विमा काढला, चमकणारी जाकिटं घेतली, रक्तगटाची चिठ्ठी खिशात ठेवली. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे वहिनींनी दहा वेळा बजावलं होतं. "भावोजी, तुम्हाला इथे डावीकडून धड चालवता येत नाही, तिकडे काय दिवे लावणार?" आम्ही हसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पलीकडे, डाव्या हाताला, चहाची टपरी दिसली. त्याने हात दाखवला. मी आरशात पाहिलं. माझा आरसा पुण्यात होता तसा उजव्या हँडललाच होता. तिथे मागची वाहनं डाव्या अंगाने येतात, आणि माझ्या आरशात नुसती भाताची खाचरं होती. मी "मोकळा" म्हणून ओरडलो. तो वळला आणि मागून टेम्पो आला.

वहिनी नंतर दर खेपेला म्हणत, "मागे बघायला काय झालं होतं त्यांना? जन्मभर तोच धांदरटपणा." नातीला सायकल घेतली तेव्हा तिला म्हणाल्या, "आजोबांसारखी चालवू नकोस." मी समोर बसून पोहे खात होतो. खाली मान घालून खात राहिलो.

गेल्या आठवड्यात त्यांना सगळं सांगितलं. बराच वेळ त्या टेबलावरचा कपडा सारखा करत राहिल्या.

"म्हणजे त्यांनी तुमचं ऐकलं."

"हो."

"आणि मी चार वर्षं त्यांनाच बोल लावतेय."

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"नात सातला येते क्लासहून. तिला तुम्ही सांगा. मला नाही जमायचं."

साडेपाच वाजले होते. मी थांबलो.