नाखवीणबाई आणि लाल तेल

कोणाचं काहीही ऐकण्याआधी त्याचं तोंड पुसायचं, ही आमच्या नाखवीणबाईंची सवय होती. मूल रडत आलं की त्या आधी पदराने त्याचं नाक पुसायच्या आणि मग विचारायच्या, काय झालं. दोन बायका भांडत आल्या तर दोघींनाही घाम पुसायला लावायच्या. तोवर निम्मं भांडण विरून जायचं. "आदी पूस, मंग बोल," हा त्यांचा कायदा होता आणि तो त्यांच्या लाँचच्या गिअरबॉक्सलाही लागू होता.

मी तेव्हा वाशीच्या नव्या वसाहतीत राहायचो आणि न्हाव्याच्या शाळेत शिकवायचो. न्हाव्याचं मोठं बंदर अजून व्हायचं होतं. बेलापूरच्या धक्क्यावरून बाई आणि त्यांचे यजमान आम्हाला लाँचने पलीकडे न्यायचे. सुकाणू यजमानांकडे, म्हणजे नाखव्यांकडे; मधल्या लाकडी पेटीखालचं इंजिन मात्र बाईंचं. त्या पेटीवर कोणी जेवणाचा डबा ठेवला तर तो उचलून त्या मालकाच्या मांडीवर ठेवायच्या.

नाखव्यांचा स्वभाव उलटा. गिअरबॉक्समधलं लाल तेल कमी झालं की ते वरून भरायचे आणि विषय मिटवायचे. तळाशी मागच्या बाजूला तेल साचलेलं दिसलं की खापर मागच्या सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर. "साचलंय कुठं ते नका सांगू, येतंय कुठून ते सांगा," असं बाई सुनवायच्या. मग नाखवा खिशात विडी शोधत बसायचे.

एकदा वैशाखात बेलापूरच्या मुलाचं वऱ्हाड लाँचने न्हाव्याला निघालं. नवरी माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून मीही होतो. अर्ध्या खाडीत इंजिन जोरात ओरडू लागलं, पण लाँच पुढे सरकेना. ओहोटी लागली होती. चिखलात रुतलो असतो तर संध्याकाळच्या भरतीपर्यंत सुटका नव्हती, आणि मुहूर्त दुपारचा. नवरदेवाची आई देवाचा धावा करू लागली.

बाईंनी इंजिन बंद करून पेटी उघडली, तर गिअरबॉक्समधलं तेल पार उतरलेलं. सीलच गेलं, असं नाखव्यांनी जाहीर केलं. बाईंनी चिंधीने गिअरबॉक्स आणि नळ्यांचा एकेक सांधा कोरडा केला. मग खाली अंथरायला पांढरं काहीतरी मागितलं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले, तेव्हा त्यांनी सरळ नवरदेवाच्या बापाच्या डोक्यावरची कोरी पांढरी टोपी उचलली.

"अवो, व्याही काय म्हनतील?" तो कळवळला.

"लगीनच लागलं नाय तं व्याही कुठला?"

टोपी गिअरबॉक्सखाली अंथरून, थोडं तेल ओतून बाईंनी इंजिन हळू चालवलं. आम्ही सगळे वाकून टोपीकडे बघत होतो. पुढच्या बाजूला, तेल थंड करणाऱ्या नळीच्या सांध्याखाली, टोपीवर टपकन एक लाल थेंब पडला. तिथला नट हादऱ्यांनी सैल झाला होता. लाँच मागून खोल बसायची, त्यामुळे पुढून निघालेलं तेल ओघळत मागे जाऊन साचायचं आणि बदनामी सीलची व्हायची. नाखव्यांनी पाना पुढे केला. इंजिन थांबवून बाईंनी नट आवळला, तेल भरलं, पट्टी बुडवून पातळी पाहिली आणि लाँच निघाली.

मुहूर्त गाठला. टोपीवरचा लाल ठिपका पाहून नवरीकडच्यांना वाटलं, कोणीतरी कुंकू लावून मान केलाय. त्यांनी त्यावर अक्षता टाकल्या. नवरदेवाचा बाप दिवसभर मान ताठ ठेवून बसला.

पुढे माझी बदली झाली. शेवटच्या संध्याकाळी बाई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाठ करून इंजिनपाशी बसून राहिल्या. बेलापूरला उतरताना मी "येतो" म्हटलं, तर मान फक्त नाखव्यांनी हलवली. लाँच परत फिरली. मी रस्त्याला लागणार तोच मागचा आवाज एकदम थांबला. काही बिघडलं की काय म्हणून मी धक्क्याच्या टोकापर्यंत धावत गेलो.

काहीच बिघडलं नव्हतं. बाई लाँचमध्ये उभ्या होत्या. इंजिनच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून त्यांनीच ते बंद केलं होतं.

"गुरुजी, जपून ऱ्हावा," पाण्यावरून हाक आली.

मी हात वर केला. त्यानंतर बराच वेळ इंजिन सुरू झालं नाही.