खंडेनवमीचा बॅकअप

सर्व्हरच्या माथ्यावर हळदकुंकवाची बोटं होती, अंगावर सुकलेला झेंडूचा हार होता आणि डेटाबेस उठत नव्हता. दिवे लागत होते, पंखा फिरत होता, पण स्क्रीनवर एकच एरर परत परत येत होती.

"मॅडम, आता?" सामंत साहेबांनी विचारलं.

"आधी हार काढा. हवा जायची जागा बंद झालीय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. सामंत साहेबांचं ठाण्यात कृत्रिम पाय बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. मी कळव्याला राहते आणि अशा लहान कारखान्यांचे डेटाबेस सांभाळते. इथल्या डेटाबेसमध्ये प्रत्येक पेशंटचं माप असतं. कुठे टोचतं, कुठे किती सैल ठेवायचं, सगळं. मशीन ते वाचून फोमचा साचा कोरतं आणि त्या साच्यावर पाय घडतो. पूर्वी प्रत्येकाचा प्लास्टरचा साचा कपाटात ठेवायचे. ते फोडून टाका, जागा मोकळी करा, कॉम्प्युटर सांभाळेल, असं मीच सांगितलं होतं. म्हणजे आज माझीच अब्रू पणाला लागली होती.

आणि बाहेर बाकावर विमलताई बसल्या होत्या. शहापूरकडच्या, कल्याणच्या बाजारात भाजी विकायच्या. जुना पाय तडकल्यापासून धंदा बंद होता. त्यांचा नवा साचा आज कोरायचा होता. दार उघडंच होतं, त्यामुळे त्यांनी सगळं ऐकलं.

"परत माप द्यावं लागंल का?" त्यांनी विचारलं. "मागल्या वेळंला लई दुखलं वो."

"बघते मी, ताई," एवढंच मी म्हणाले.

सर्व्हर बंद कुणी केला, हे विचारल्यावर फोरमन म्हात्रे काका पुढे आले. लपवाछपवी नाही, उलट छाती पुढे.

"मीच केला. खंडेनवमी व्हती. पूजेच्या दिवशी मशीन चालवाची नाय. मेन स्विच खाली केला."

"पण यूपीएस होता ना? लाईट गेली तरी सर्व्हर चालू राहायला हवा."

"तो टीं टीं कराया लागला. मंग त्याचं पण बटन दाबलं. यूपीएस पण मशीनच ना? त्याला इसावा नको?"

सामंत साहेब छताकडे बघायला लागले.

पूजा झाली ती जेवणाच्या सुट्टीत. आणि आमचा बॅकअप, म्हणजे सगळ्या माहितीची रोजची नक्कल, तीही जेवणाच्याच सुट्टीत चालते. बाकी जग हे काम रात्री करतं. इथे मात्र शॉर्टसर्किटच्या भीतीने रात्री मेन स्विच बंद असतो. म्हणजे काकांनी बटण दाबलं तेव्हा नक्कल अर्धी लिहून झाली होती. वीज तुटल्यावर चांगला डेटाबेस सहसा स्वतः सावरतो. या वेळी म्हातारी डिस्कच त्या धक्क्याने बसली होती. आता सगळी मदार बॅकअपवर, आणि तो वेगळ्या डिस्कवर होता एवढंच सुख.

हा बॅकअप घेणारी जुनी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामाची पद्धत, माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिली होती. ती कालच्याच फाइलवर आजची नक्कल लिहायची. मध्येच लाईट गेली तर कालची पुसलेली, आजची अर्धवट. तेलही गेलं, तूपही गेलं. उन्हाळ्यात मी ते सामंत साहेबांना सांगितलं, तेव्हा जुंपलीच होती आमची.

"चालतंय ना पण, मॅडम?"

"चालतंय."

"मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालताय?"

"कारण नेमक्या त्या वेळी लाईट अजून गेलेली नाही, म्हणून चालतंय."

मी ऐकलं नाही, स्क्रिप्ट नव्याने लिहिलीच. मी तशी हट्टीच आहे, घरीही हीच तक्रार असते. नवी पद्धत साधी होती. घरात आपण नवं दही लागल्याशिवाय जुनं विरजण संपवतो का? तसंच. आजची नक्कल वेगळ्या नावाने लिहायची. ती खरोखर डिस्कवर उतरली याची खात्री करायची, कारण कॉम्प्युटर "लिहिलं" म्हणतो आणि बराच वेळ स्वतःच्या डोक्यातच ठेवतो. मग ती उघडून तपासायची. सगळं ठीक असेल तरच तिला खरं नाव द्यायचं. नाव बदलणं हे एका फटक्यात होतं, अर्धवट राहत नाही. त्यानंतरच जुन्या फाइलला हात लावायचा.

आणि नुसतं लिहून मी थांबले नव्हते. बॅकअप चालू असताना टेस्टच्या मशीनची वायर सामंत साहेबांच्या देखत खेचली होती. एकदा सुरुवातीला, एकदा मध्येच, एकदा अगदी शेवटी.

"तुम्ही बॅकअप बनवताय की मोडताय?" त्यांनी डोळे मिटून विचारलं होतं.

आता बॅकअपची डिस्क मी माझ्या लॅपटॉपला लावली. स्वतः वायर खेचणं वेगळं आणि म्हात्रे काकांनी भक्तिभावाने खेचणं वेगळं. फोल्डर उघडला. तात्पुरत्या नावाची एक अर्धवट फाइल होती, खंडेनवमीची. आणि तिच्या शेजारी आदल्या दिवशीची पूर्ण फाइल, जशीच्या तशी.

ती लॅपटॉपवर रिस्टोअर केली, म्हणजे नकलेवरून डेटाबेस पुन्हा उभा केला. विमलताईंचं नाव टाकलं. माप आलं. आतल्या बाजूला दुखतं, सैल ठेवा, ही नोंदसुद्धा होती.

"अहो साहेब, आहे!" मी इतक्या जोरात ओरडले की काका धावत आले. मला अभिमान वाटला. तो मी लपवला नाही, आणि आजही लपवत नाही.

गेलं ते फक्त आदल्या दुपारपासून खंडेनवमीच्या पूजेपर्यंतचं. तेव्हा साफसफाईच चालली होती, त्यामुळे गोदामातल्या फोमच्या शिटांची मोजणी तेवढी गेली. ती म्हात्रे काकांनी निमूटपणे परत केली. साहेबांनी नवी डिस्क मागवली, या वेळी भाव न करता.

साचा कोरला गेला, पाय घडला. ट्रायलच्या दिवशी मी मुद्दाम गेले. विमलताई दोन दांड्यांना धरून उभ्या राहिल्या. चार पावलं टाकली. मग एक हात सोडला, मग दुसरा.

"टोचतंय का?" काकांनी विचारलं.

"न्हाई." त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, माझं माप तुमच्या त्या डब्यात हाय म्हनं?"

"हो, ताई."

"मग नीट ठेवा. ह्यो झिजला की मी परत येनार."

मोठमोठ्या कंपन्यांनी मला त्यांच्या गरजा मांडणारी जाडजूड रिक्वायरमेंट डॉक्युमेंटं दिली आहेत. बॅकअप कशासाठी घ्यायचा, हे इतकं स्वच्छ त्यातल्या एकातही लिहिलेलं नव्हतं.