आधी माणसं दाखवा

हजेरीचं रजिस्टर पुढे केलं की त्या ते उघडायच्या नाहीत. त्यावर आपली पर्स ठेवायच्या, खुर्ची वर्गाकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, “आधी माणसं दाखवा. कागद कुठं पळून जात नाही.”

शिक्षण खात्याच्या तपासणीच्या बाई त्या. सरकारी तपासणी म्हणजे चहा, बिस्किटं आणि सही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! हैदराबादला गौलीगुड्यात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी मुक्त शाळेचं अभ्यासकेंद्र चालवते. शाळा मध्येच सुटलेल्या बायका घरी अभ्यास करतात, आठवड्यातून एकदा आमच्याकडे शिकायला येतात आणि दहावीची परीक्षा देतात. केंद्र खरंच चालतं की नुसतं कागदावर, हे बघणं बाईंचं काम.

बाईंचं घराणं मूळचं नांदेडकडचं, पण दोन पिढ्या हैदराबादेत. राहायला चिक्कडपल्लीला. मराठी बोलता बोलता दखनी उर्दूत शिरायच्या आणि रागावल्या की तेलुगूत.

पहिल्याच भेटीत त्यांनी वर्गाला विचारलं, “अभ्यासाला कधी बसता?” एकजण म्हणाली, “कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत.” बाईंनी लगेच आपल्या वहीत लिहिलं, ‘तीन शिट्ट्या’.

“मॅडम, हे कुठल्या रकान्यात जातं?” मी विचारलं.

“रकानाच नाही ना. म्हणून तर वहीत लिहायलीय.”

मग त्या बाथरूम तपासायला गेल्या. दाराला आतून कडी लागते की नाही, हे स्वतः लावून बघितलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “कडी लागते, लिहून घ्या. निघत नाही, तेबी घ्या!” सुताराला बोलवावं लागलं. बाहेर आल्या त्या हसतच, पण कडी बदलल्याची पावती माझ्याकडून घेतल्याशिवाय राहिल्या नाहीत.

अशा माणसापासून मी एक गोष्ट लपवून ठेवली होती. आमच्या बहुतेक बायका सुलतान बाजारातल्या दुकानांत कामाला. रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते, आणि आमच्या वर्गाला मंजुरी मात्र रविवारचीच. मी परस्पर वर्ग मंगळवारी सकाळी सातला हलवला. वर्ग भरू लागला. मंजुरीचा दिवस बदलून घ्यायचा तर अर्ज, चौकशी, सहा महिने. म्हणून रजिस्टरात मी रविवारच लिहीत राहिले. माणसं तीच, शिकवणं तेच, दिवसच तेवढा वेगळा, अशी मनाची समजूत घातली.

तपासणीची तारीख आधी कळली की त्या रविवारी मी बायकांना कसंबसं बोलावून घ्यायचे, पण एका रविवारी बाई न सांगता आल्या. रिकामे बाक, मी एकटी, आणि रजिस्टरात त्याच दिवशीची चौदा जणींची हजेरी. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा रजिस्टर आधी उघडलं.

“या चौदा जणी कुठंयत?”

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि निघून गेल्या. मंगळवारी पावणेसातला मी पोचले, तर त्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. चौदाही जणी आल्या. साडीच्या दुकानात काम करणारी, छत्तीस वर्षांची, मुलगी नववीत असलेली एकजण फळ्यावर गणित सोडवत होती. बाई शेवटच्या बाकावरून टक लावून बघत होत्या.

वर्ग सुटल्यावर मी म्हणाले, “आता तरी रविवारचं विसरा, मॅडम.”

“नाही विसरत. दोन्ही लिहीन. रविवारी वर्ग रिकामा, हजेरी खोटी. मंगळवारी वर्ग भरलेला, शिकवणं खरं.”

“केंद्र बंद पडेल.”

“हौ, पडेलबी. पण तुमच्या खोट्या हजेरीवर मी सही केली, तर जिथं खरंच कुणी नसतं, त्यांना कुठल्या तोंडानं विचारू?”

मला त्यांचा इतका राग आला की मी जिन्यापर्यंतसुद्धा गेले नाही. पंधरा दिवसांत नोटीस आली. सुनावणी होईपर्यंत परीक्षेचे फॉर्म थांबले. साडीच्या दुकानातली ती रोज फोन करायची, “मॅडम, इस साल इम्तिहान होता ना?”

सुनावणीला बाईंनी माझी बाजू घेतली नाही. “चूक यांची आहे, ताकीद द्या,” असं तेलुगूत सरळ सांगितलं. मग आपली वही साहेबांपुढे ठेवली. कोण कुठं कामाला, सुट्टी कधी, घर किती लांब, चौदा जणींचं सगळं त्यात होतं. पुढचे काही मंगळवार वर्ग सुटल्यावर जिन्याखाली थांबून त्या एकेकीबरोबर बोलत दुकानापर्यंत चालत गेल्या होत्या, हे मला तिथंच कळलं.

“साहेब, दुसरी चूक आपल्या खात्याची,” त्या म्हणाल्या. “रविवारी दुकान सोडून बाई शिकायला येईल, असं ठरवताना एकातरी बाईला विचारलं होतं का?”

साहेबांनी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली. मला लेखी ताकीद मिळाली आणि केंद्राला मंगळवार. फॉर्म गेले. साडीच्या दुकानातली पास झाली, गणितात काठावर. निकाल सांगायला ती माझ्याआधी बाईंच्या घरी पोचली होती.

पुढच्याच महिन्यात बाईंची लांबच्या जिल्ह्यात बदली झाली. निरोप द्यायला मी बसस्थानकावर गेले. तोपर्यंत राग कुठल्या कुठे गेला होता; तसं सांगणारच होते. तेवढ्यात जामाची टोपली घेऊन एक विशीतली पोरगी बसच्या खिडकीशी आली. पेरूला आमच्याकडे जामच म्हणतात, आणि पोरीबाळींनाही अम्मा. बाईंनी दोन घेतले आणि ती तिखट-मीठ लावत असताना विचारलं, “कहाँ तक पढे, अम्मा?”

“सातवी.”

बाईंनी खिडकीतून हात काढून माझ्याकडे बोट दाखवलं. तिला आणखी काही सांगत होत्या, पण बस सुरू झाली होती; मला ‘दसवी’ आणि ‘मंगल की सुबह’ एवढंच ऐकू आलं. बघता बघता बस वळणाआड गेली.

मी मागे वळले, तर ती टोपलीवाली माझ्यासमोर उभी.

“सच्ची में अब भी होता क्या, मॅडम? पन सुबह तो मेरेकू मंडी जाना पडता.”

मी तिला विचारलं, “मंडी से कित्ते बजे आते?”