तांबडीचं लोढणं

मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते त्या बाई चित्रकार आहेत. आठ दिवस झाले, त्या तेलरंगात एक माळ रंगवताहेत. माळावर पाच गाई चरतात आणि घरभर जवसाच्या तेलाचा वास असतो. चहा ठेवताना मी रोज चित्राकडे बघते आणि गप्प राहते. सातवीत शाळा सोडून गुरांमागे गेलेलीनं चित्रातलं काय बोलावं? परक्या शहरात इतकं मायेचं घर मिळालंय, ते एका शब्दानं जायचं.

आज बाईंनीच विचारलं, "रोज बघतेस. काय चुकलंय गं?"

"चुकलं नाही बाई. पण ही तांबडी कडेला मान वर करून उभी आहे. ही पळणार. आमच्याकडं असल्या गाईच्या गळ्यात लोढणं बांधतात, लाकडाचा ओंडका. पळायला गेली की गुडघ्यांवर आपटतो."

"बिचारी."

"बिचारी कसली? त्याच्यामुळंच तर संध्याकाळी गोठ्यात असते."

बाई हसल्या आणि ब्रश माझ्या हातात दिला. "मग बांध तूच. रंग ओला आहे, बिघडलं तर पुसता येतं."

मी ब्रश तपकिरी रंगात बुडवला. एक जाड फटकारा तांबडीच्या गळ्याखाली बसला.

मी गाव सोडलं तेव्हा आई म्हणाली होती, "जा पोरी, आमचं लोढणं तुझ्या गळ्यात नको."

तिनं मला मोकळं सोडलं. म्हणून तर मी इतक्या लांब आले.