मधला बांध

मी ज्या स्टेडियमवर गवत राखतो ते लहान पडतं, असं फुटबॉल टीमच्या मालकांचं म्हणणं आहे. शहराबाहेर नवीन बांधायचं, अर्धा पैसा सरकारने घालायचा, नाहीतर टीम दुसऱ्या शहरात नेऊ, अशी बोलणी बरेच दिवस चालू आहेत. टीम गेली तर आमचं काम जाणार. परवा आमच्या ठेकेदाराने, म्हणजे शेठनी, मोबाईलवर नव्या जागेचा फोटो दाखवला. मी विचारलं, तिथे आत्ता काय आहे?

"काही नाही रे. मोकळी जागा आहे."

मी फोटो मोठा करून त्यात बांध शोधत बसलो.

तलासरीकडे आमचं भातशेत होतं. जमीन वनखात्याची, आजोबांपासून आम्ही कसलेली, पण नावावर कागद नाही. कागद मिळावा म्हणून बाबाने दावा टाकलेला, तो वर्षानुवर्षं तालुक्याला पडून होता. जवळपास एकाच पातळीतली दोन खाचरं आणि मध्ये एक बांध. सातवीनंतर शाळा सोडून मी डहाणूकडे आशागडला चिकूच्या वाडीत मजुरीला जायचो आणि रविवारी फुटबॉल खेळायचो. भात कापून झालं की आमच्याकडे गुरं मोकळी सुटतात, मग कोणाच्याही शेतात खेळा, कोणी नाही म्हणत नाही. फक्त पुरं मैदान मावेल एवढं सपाट रान कोणाचंच नव्हतं. आमची दोन खाचरं एक केली तर मावत होतं. तेव्हा मी विशीला आलो होतो. बाबाला म्हटलं, मधला बांध काढतो, पावसाआधी परत घालतो.

"घालशील ना? का मलाच खणायला लावशील?"

"घालीन."

घातलाही. पहिल्या वर्षी घातला, दुसऱ्या वर्षीही. बाबा कडेला बसून खेळ बघायचा. माझा बॉल भलतीकडे गेला की म्हणायचा, "यापेक्षा बैल बरा, वळवला तर वळतो."

तिसऱ्या वर्षी ग्रामसभेत सांगितलं की तालुक्याला स्टेडियम मंजूर झालंय. चारोटीला हायवेच्या कडेला बांधलं तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल, पण तिथे जागा विकत घ्यावी लागेल आणि निधी जागेतच संपेल. म्हणून इकडे सरकारी जागा बघायची. हात वर करा म्हणाले. आम्ही केले, बाबानेही केला. पोरांना मैदान मिळतंय, त्याला नाही कोण म्हणेल. कुठली सरकारी जागा, हे कोणी विचारलंच नाही.

एप्रिलात तालुक्याचे साहेब आमच्याच शेताच्या पंचनाम्याला आले, तेव्हा बांध नव्हता. ऊन फार म्हणून मी आज करू, उद्या करू करत राहिलो होतो. दोन टोकांना आमचे बांबूचे गोलपोस्ट उभे.

"शेत म्हणतोस, मग बांध कुठाय?" साहेबांनी बाबाला विचारलं.

बाबाने माझ्याकडे बघितलं. वनजमिनीत खणलं म्हणून पोरावर केस होईल, अशी भीती त्याला वाटली, ते मला नंतर कळलं.

"पावसात वाहून गेला," तो म्हणाला.

"आणि तू बघत बसलास? भारी शेतकरी दिसतोस."

बरोबरची माणसं हसली. बाबाही थोडा हसला. त्याच्या शेताचा हातभर बांध ढासळलेला आजवर कोणी बघितला नव्हता. मी तिथेच, दोन पावलांवर उभा होतो. 

पंचनामा वाचायला माझ्याच हातात दिला, घरात वाचता येणारा मीच. अक्षर न् अक्षर वाचलं. सदर जागेवर बांध आढळून आला नाही, जागेचा वापर खेळाचे मैदान म्हणून होत आहे. मला त्यात खोटं काही दिसलं नाही, आणि याचं पुढे काय होतं हे विचारायची लाज वाटली. बाबाने अंगठा दिला. त्याच कागदावर दावा फेटाळला गेला आणि स्टेडियम आमच्या खाचरांवर आलं.

तिथे गवत लावायचं काम शेठनी घेतलं होतं. मजुरांत मी होतो. माझ्या हाताचं काम बघून त्यांनी मला एवढ्या लांब आणलं, खोली दिली, मशीन शिकवलं. मला कावीळ झाली तेव्हा स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ही भाकरी मला बाबाच्या शेतावरून मिळाली, तेही विसरता येत नाही.

गावच्या स्टेडियमचा निधी एका बाजूच्या गॅलरीपर्यंत पुरला, मग थांबला. गवत पहिल्याच पावसाळ्यात कुजलं. भाताची जमीन ती, पाणी धरणारच. गेटला कुलूप असतं. मागच्या उन्हाळ्यात सुट्टीवर गेलो तेव्हा वॉचमनला सांगून बाबाला आत नेलं. तो आता माझ्याच जुन्या चिकूच्या वाडीत मजुरीला जातो. त्याने चपला हातात घेतल्या, चालत मधोमध गेला आणि थांबला.

"इथं," तो म्हणाला.

"बाबा, तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं."

"काय सांगणार होतास? काढ म्हणून मीच सांगितलेलं ना तुला." मग चपला घालत म्हणाला, "तिकडे तुझं काम पक्कं आहे ना?"

टीम जाणार अशी कुजबुज तेव्हाच चालू झाली होती.

"पक्कं आहे," मी म्हणालो.

मॅचच्या आदल्या दिवशी मैदानावर पांढऱ्या रेषा मी मारतो. शेठ म्हणतात, कडेच्या सगळ्या बरोबर येतात, मधली तेवढी जाड करतोस. मी हो म्हणतो, पुढच्या वेळी बघतो म्हणतो.