बुरुजात असताना दहा वाजून गेले

गावकरी मंडळी, सकाळची गोष्ट आता संध्याकाळी लिहितोय, माफ करा. दिवसभर फोनच लावत बसलो होतो.

आज हिच्यासोबत तापीकाठच्या बागेतला जुना बुरूज पाहायला गेलो. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूला अडवायला बांधलेला. भिंत इतकी जाड की खिडकीत माणूस झोपेल.

ही म्हणाली, "अहो, आता कोण चालून येतंय? चला, चहा पिऊ."

मी म्हटलं, "थांब गं, पन्नास वर्षं सुरतेत काढली, आज तरी नीट बघू दे."

तिथंच चुकलो. गावी एकटे राहणारे माझे थोरले भाऊ, नाना, रोज सकाळी दहाला एक मिस कॉल देतात. म्हणजे ते बरे आहेत. बुरुजात रेंजच नव्हती. बाहेर आलो तर साडेदहा, आणि मिस कॉल नाही. त्यांनी दिला आणि लागला नाही, की दिलाच नाही? तेव्हापासून त्यांचा फोन बंद आहे.

ही म्हणते, "चार्जिंग संपलं असेल." असेलही. पण घास उतरत नाही.

आता गावात कोण आहे? मारुतीच्या पारामागचं निळं दार. नुसती हाक मारा. नानांनी ओ दिली, एवढंच लिहा, पण लवकर लिहा.