थव्यातली जागा

रविवारी कॉलेजच्या लॅबमध्ये मी एकटीच होते. संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांचा थवा उडत होता. प्रत्येक ठिपक्याला मी एवढंच शिकवलं होतं: शेजाऱ्याला धडकू नकोस, तो वळला की वळ, फार लांब जाऊ नकोस. थवा कसा करायचा, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सर म्हणतात, थवा म्हणजे शेवटी ठिपकेच, वेगळं काही नाही. मला ते पटलं होतं, बहुतेक.

तेवढ्यात आईचा फोन आला. "काय करतेस?"

"ठिपके उडवतेय."

"त्यासाठी एवढ्या लांब गेलीस होय?" ती हसली. मग म्हणाली, "आजही तुझी भाकरी उरली बघ. तू नाहीस हे ठाऊक असतं, पण पीठ घेताना हात ऐकत नाही."

फोन ठेवल्यावर वाटलं, तिच्या हाताला हे सांगतं कोण? बाबा सांगत नाहीत, दादाही नाही. आमचं घरच सांगत असावं, आम्हा चौघांहून वेगळं असं काहीतरी. सरांना हे कसं विचारावं, कळेना.

मी थव्यातला एक ठिपका पुसला. बाकीचे जरासे सरकले आणि थवा पुढे गेला. त्या ठिपक्याची जागा मी बराच वेळ शोधली. ती कुठेच उरली नव्हती.